बांधावरच्या चपला

बाळांनो, गोष्ट ऐकण्याआधी एक काम करा. डोळे मिटा आणि मनानं बांधावर येऊन उभे राहा. डाव्या हाताला धरमतरची खाडी, उजव्या हाताला भाताची खाचरं आणि मध्ये मातीचा लांबच लांब बांध. खाडी त्या बाजूला अडून राहते म्हणून या बाजूला भात पिकतो.

आता समजा, पुनवेचं उधाण आलंय. पाणी बांधाच्या डोक्याला टेकलंय. खेकड्यानं पोखरलेल्या एका भोकातून आधी करंगळीएवढी धार येते, मग मुसळाएवढी, आणि बघता बघता मातीचा मोठा लगदा धप्पकन खाली बसतो. बांधाला खांड पडली. खारं पाणी आत धावतंय. ते एकदा शेतात साचलं, की पुढं कित्येक पावसाळे तिथं धड गवतसुद्धा उगवत नाही.

गावात हाळी जाते. घरटी एक माणूस धावत येतो. त्यातले काही जण चपला बांधावर काढून ठेवतात, खाली उतरतात, हातात हात गुंफतात आणि त्या खांडीत भिंतीसारखे उभे राहतात. पाण्याचा जोर त्यांच्या अंगावर. बाकीचे मागून पेंढा आणि चिखल टाकून खांड बुजवतात.

दिसलं? डोळे इतक्यात उघडू नका. समजा, खांड बांधाला पडलेली नाही, तुमच्या मोठ्या भावाच्या अंगात पडली आहे. आणि ती बुजवायला साऱ्या घरातून एकच माणूस चालणार आहे. ते माणूस म्हणजे तुम्ही.

अशी वेळ मनस्वीवर आली होती.

मनस्वी सातवीत होती. पेणच्या पलीकडं, खाडीकाठच्या एका गावात तिचं घर. शाळेच्या कबड्डीच्या संघात चढाईला तीच जायची, कारण चिमणीसारखी अंग चोरून निसटायची कला तिला तिच्या दादानं शिकवली होती. दादा म्हणजे प्रणित, पेणला कॉलेजात बारावीला. बाबा प्रविण रोह्याला धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर जायचे. आई दिपिका घर आणि शेत दोन्ही ओढायची. शिवाय आजी ठमाबाई आणि आजा कान्हू. आजा बांधाचा जाणता माणूस होता. उधाणाच्या दिवशी कुणी कुठं उभं राहायचं, चिखल कुठला खणायचा, हे तोच सांगायचा. घरातही शेवटचा शब्द त्याचाच.

गणपती गेले आणि प्रणितच्या अंगावर काळेनिळे डाग दिसू लागले. कुठं आपटलं नाही, कुणी मारलं नाही, तरी डाग. मग दात घासताना रक्त. मग जिना चढताना धाप. पेणच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, आणि तिथं कळलं ते असं.

आपल्या हाडांच्या आत मऊ मगज असतो. मटणाच्या रश्श्यातली नळी तुम्ही चोखली असेल, तर तो तुम्ही पाहिला आहे. माणसाच्या हाडातही तसाच असतो, आणि अंगातलं रक्त तिथं तयार होतं. प्रणितच्या हाडांतला तो कारखाना बंद पडला होता. बाहेरून रक्त चढवत होते, पण ते किती दिवस पुरणार? औषधं दिली, ती लागू पडली नाहीत. आता एकच वाट उरली. कुणाचा तरी जुळणारा मगज घेऊन त्याच्या अंगात सोडायचा. आणि जुळायचा संभव सगळ्यात जास्त सख्ख्या भावंडाचा.

हे मनस्वीला कुणी सांगितलं नाही. तिला सांगितलं, "शाळेनं सांगितलंय, पोरींचं रक्त बघायचंय. हिमोग्लोबिन."

"मग गालात कापूस कशाला फिरवला?" तिनं घरी येताना विचारलं.

"नव्या मशीन आल्यात," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

काही दिवसांनी आईचा फोन वाजला. आई ऐकता ऐकता ओट्यापाशीच रडली. आजीनं देवापुढं साखर ठेवली. त्या दिवसापासून घरात सगळे मनस्वीशी गोड बोलू लागले. ताटात तिला दुधाची साय, उकडलेलं अंडं. कपबशी फुटली तरी कुणी ओरडलं नाही. मनस्वीनं जत्रेआधी बोकडाला हिरवा पाला घालताना पाहिलं होतं.

शेजारच्या धोंडुबाई वालाच्या शेंगा सोलायला येऊन बसल्या होत्या. मागच्या पडवीत मनस्वी कपडे वाळत घालत होती.

"नशीबवान गो पोर तुमची," धोंडुबाई म्हणाल्या. "भावाला पाठीचं हाड देते. कोण देतं आजकाल? माझा भाऊ मला घरचं लोणचं देत नाय."

"व्हय," आजी म्हणाली. "पाठीच्याच हाडातनं काढतात म्हणं."

मनस्वीच्या हातातला दादाचा शर्ट मातीत पडला. तिनं तो उचलला, झटकला, पुन्हा धुतला. आत जाऊन कुणाला काही विचारलं नाही. घरात जे कुणी बोलत नाही, ते विचारायचं नसतं, हे मुलांना फार लवकर कळतं.

पुढच्या रविवारी आई आणि आजा तिला गाडीनं रोह्याला घेऊन निघाले. प्रणितवर उपचार करणाऱ्या डॉक्टर अनीसा मूळच्या रोह्याच्या. आठवडाभर मुंबईच्या इस्पितळात, आणि रविवारी सकाळी रोह्याला, त्यांच्या वडिलांच्या जुन्या दवाखान्यात. तुम्हाला जवळ पडेल, पोरीला घेऊन तिथंच या, असं त्यांनी सांगितलं होतं.

पेण सुटलं तशी आईनं सुरुवात केली.

"डॉक्टर विचारतील, भीती वाटते का. काय सांगशील?"

"नाय वाटत."

"कुणी जबरदस्ती केली का?"

"नाय."

"हसून सांग गो. असं तोंड पाडून सांगितलंस तर त्या लगेच ओळखतील."

मनस्वी हसली.

"एवढं पण नको."

आजा समोर बसला होता. त्यानं तंबाखूची डबी मिटली. "कशाला तालीम देतेस पोरीला? आपल्या घरातलं माणूस हाय ते. मी डॉक्टरला शब्द दिलाय, आमच्या घरातनं मनस्वी. झालं."

"तसं नाय, आबा. त्या बाईला शंका आली तर सगळं थांबेल," आई म्हणाली, आणि पुन्हा मनस्वीकडं वळली. "भीती वाटते का?"

नागोठणं येईपर्यंत हेच चाललं होतं.

दवाखान्याच्या दारात मनस्वी चपला काढायला वाकली, तर आतून आवाज आला, "राहू दे गं, घालूनच ये. इथं कुणी काढत नाही." डॉक्टर अनीसा उंच होत्या, डोक्यावर ओढणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आईला आणि आज्याला बाहेर बसायला सांगितलं. आई म्हणाली, "मी राहते ना, ती लाजते." डॉक्टर म्हणाल्या, "लाजू दे. मला वेळ आहे." आणि दार लावून घेतलं.

"मनस्वी, तुला काय करणार आहेत, ते तुझ्या शब्दांत सांग."

"मला भीती वाटत नाय," मनस्वी म्हणाली, आणि बेतानं हसली.

"मी ते विचारलंच नाही."

गाडीतल्या तालमीत हा प्रश्न नव्हता.

"पाठीचं एक हाड काढणार," ती शेवटी म्हणाली. "मधलं. ते दादाला लावणार. मग मला कबड्डी नाय खेळता येणार. वाकता पण नाय येणार बहुतेक. पण चालेल."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठल्या, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या, पाण्यात भिजलेला स्पंज घेऊन आल्या आणि तो मनस्वीच्या तळहातावर ठेवला.

"हे हाड, असं समज. आत पाणी आहे ना, तो मगज. मी सुईनं थोडं पाणी काढून घेतलं, तर स्पंज कुठं जातो?"

"कुठं नाय."

"तसंच. हाड जागच्या जागी राहतं. कमरेच्या मागं जे रुंद हाड असतं, त्यातून घेतात. पाठीच्या कण्याला हात लावत नाहीत. जेवढा मगज काढला, तेवढा तुझं शरीर काही आठवड्यांत पुन्हा भरून काढतं. आता जे चांगलं नाही ते ऐक. तुला भूल द्यावी लागेल. भूल दिली की थोडा धोका असतोच, फार थोडा, पण नाही असं मी म्हणणार नाही. जाग आल्यावर कंबर दुखेल, म्हशीनं लाथ मारल्यासारखी. कबड्डी काही दिवस बंद, मग सुरू."

मनस्वीनं स्पंज दाबून पाहिला.

"आणि दादा?"

"दादाला आधी एक फार कडक औषध देणार. त्यानं त्याचा जुना मगज पुरता जाईल. मग तुझा सोडायचा. लागला तर तो बरा होईल. पुष्कळांना लागतो. काहींना नाही लागत, आणि का नाही लागला ते आम्हालाही प्रत्येक वेळी कळत नाही. पण मनस्वी, ते कडक औषध एकदा सुरू केलं, की मागं फिरता येत नाही. त्यानंतर तू नाही म्हणालीस, तर तो जगणार नाही. म्हणून मी आज विचारते आहे. आज तू नाही म्हणू शकतेस."

"बाबा सही करणारेत."

"नियमाला त्यांची सही पुरते. मला पुरत नाही." डॉक्टर पुढं वाकल्या. "तू नाही म्हणालीस, तर मी बाहेर जाऊन एवढंच सांगेन, की तपासलं, मनस्वीकडून घेता येणार नाही. का, ते कुणालाच सांगणार नाही. तुझ्या आईला नाही, दादालाही नाही. ते माझ्याजवळ राहील."

मुलांनो, एवढं मोठं दार कुणी कधी तिच्यासाठी उघडं ठेवलं नव्हतं. हाडाची भीती तर आता गेलीच होती. मग 'देते' असं म्हणायला कितीसा वेळ? तिनं तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर येईना.

"मला म्हायती नाय," ती म्हणाली.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या रविवारी ये. त्याहून जास्त मला थांबता येणार नाही."

बाहेर बाबा शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच येऊन बसले होते. आज काही ठरत नाही, असं ऐकताच ते उठून उभे राहिले.

"मॅडम, ती लहान हाय. तिला काय विचारायचं त्यात? उद्या शाळेत जाशील का म्हणून विचाराल, तर ती नायच म्हणेल."

"शाळेत तिच्या कमरेत सुई घालत नाहीत."

"तिकडं पोरगा मरतोय आमचा."

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मीच त्याच्यावर उपचार करते. पण या पोरीला वाटत होतं, की तिचा कणा काढून घेणार आहेत. आणि तरी ती मला हसून दाखवत होती. हे तुम्ही तिला शिकवलंत. तिला सगळं खरं कळून तिनं सांगेपर्यंत मी सुई उचलणार नाही."

परतीच्या गाडीत आजा डबीचं झाकण उघडत होता, मिटत होता.

तो आठवडा फार वाईट गेला. घरात अंडं उकडत होतंच, पण आता प्रत्येक घास खाताना कुणीतरी तिच्याकडं बघायचं. आई काही विचारायला यायची आणि पदरानं उगाच तिचं तोंड पुसून परत जायची. बाबा शिफ्टवरून आले की आधी मनस्वीचा चेहरा बघायचे, मग चपला काढायचे.

प्रणित माजघराशेजारच्या खोलीत वेगळा असायचा. बाहेरची धूळ नको, कुणाचा खोकला नको. मनस्वी अंगणातून त्याच्या खिडकीपाशी जाऊन बसायची, तोंडाला मास्क लावून.

"काय चढाईपटू," तो म्हणाला, "रोह्याला डॉक्टरनं पकडली ना तुला? सुटता नाय आलं?"

"तुला सगळं सांगितलंय त्यांनी?"

"सगळं. कडक औषधानं माझे केस जाणार. मी आज्यासारखा दिसणार."

"आज्याला तरी कानावर चार हायेत."

तो हसला आणि हसता हसता खोकला. मग बराच वेळ खिडकीच्या गजावर बोट घासत राहिला. "मनू, तू नाय म्हणालीस तरी मी तुझ्यावर रागावणार नाय. आईची शप्पथ. पण तुझ्याशी खोटं नाय बोलत. मला जगायचंय."

ती काही म्हणणार इतक्यात त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. आधी करंगळीएवढी. त्यानं हातानं नाक दाबलं, बोटांमधून ती वाहू लागली. मनस्वी ओरडली. आई धावली, आजी धावली, बर्फ आला, टॉवेल लाल झाला, रिक्षा आली. प्रणितला पेणच्या दवाखान्यात नेलं. धार थांबायला दुपार झाली.

आणि त्या गडबडीत आजी दारात उभी राहून कपाळावर हात मारत म्हणाली, "आता सगळं ह्या पोरीच्या हातात. हिचं लागलं तर तो जगेल, नाय तर गेला."

मनस्वी तिथंच उभी होती, टॉवेल हातात घेऊन.

तेव्हा तिला कळलं, रोह्याला तोंडून शब्द का निघाला नव्हता ते. सुईची भीती नव्हती. मी नाही म्हटलं, तर दादाला आजार नेईल. पण मी हो म्हटलं आणि माझं लागलंच नाही, तर? मग तो माझ्यामुळं गेला, असं म्हणतील. जन्मभर मला वाढताना आईला तेच आठवेल. त्यापेक्षा डॉक्टरांनी उघडं ठेवलेलं दार बरं. मनस्वीकडून घेता येणार नाही, एवढंच बाहेर कळेल. कुणाला काही समजणार नाही. कुणी काही बोलणार नाही.

तिनं मनाशी ठरवून टाकलं. रविवारी नाही म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजा बांधावर निघाला. उधाण जवळ आलं होतं, खेकड्यांची भोकं बघून बुजवायची होती. मनस्वी न विचारताच मागून चालू लागली. आजा नको म्हणाला नाही. तो वाकून भोक शोधायचा, पायानं चिखल दाबायचा, पुढं जायचा. ओहोटी होती. कांदळवनाच्या मुळांत बगळे उभे होते.

"आजा, खांडीत कोण उतरणार, ते तूच ठरवतोस ना?"

"ठरवत नाय. इचारतो."

"कसं?"

"बांधावर उभा राहून ओरडायचं, कोण उतरतंय? ज्याला उतरायचं तो चपला काढतो. तोंडानं बोलायचं काम नाय."

"पण तुला तर माहीत असतं, कोण उतरणार ते."

"असतं की. गावात पाण्यात उभी राहणारी माणसं किती, ती सगळ्यांना ठावं."

"मग विचारायचं कशाला?"

आज्यानं पाय थांबवला. एवढा साधा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, कारण बांधावरच्या माणसाला तो पडतच नाही.

"अगो, ढकललेला माणूस पाण्यात टिकत नाय," तो म्हणाला. "लोंढा आला की तो आधी मागं बघतो, मला कुणी घातला म्हणून. त्याचा पाय सुटला की बाजूच्याचा हात सुटतो, आन् अख्खी साखळी जाते. आपल्या पायानं उतरलेला रुतून राहतो."

"आणि कुणीच चपला काढल्या नाय तर?"

"तर शेत जातं. माणसं तरी वाचतात."

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो तिनं डॉक्टरांनाही विचारला नव्हता.

"आणि उतरूनसुद्धा खांड बुजलीच नाय, बांध वाहून गेला, तर उतरणाऱ्याला काय म्हणतात?"

"काय म्हणणार?" आजा म्हणाला. "आपल्या गावच्या दाजीच्या येळेला गेला ना तसा. तो पहिलाच उतरला होता, मिसरूड पण नव्हतं फुटलं. छातीएवढ्या पाण्यात उभा राह्यला, आन् बाजूचा बांधच बसला. सगळं शिवार खाऱ्या पाण्याखाली. तो वर आला तो थरथरत. मी त्याच्या चपला उचलल्या आन् त्याच्या हातात दिल्या. तीच रीत हाय. चपला हातात दिल्या म्हणजे, बाबा, तू तुझं केलंस, आता घरी जा. आजवर दाजीला त्या खांडीवरनं कुणी शब्दानं बोललं असेल, तर दाखव मला. पाण्याचा दोष माणसाला लावायचा नसतो."

"मग आजी का म्हणाली, सगळं माझ्या हातात?"

आज्यानं वाकून मूठभर चिखल उचलला.

"आणि मला तर तू विचारलंच नाय," मनस्वी म्हणाली. ती ओरडली नाही, रडली नाही. बोलून झाल्यावर तिचीच तिला भीती वाटली, आज्याला असं कुणी म्हणत नसे.

आजा हळूच बांधावर बसला, चिखलात, धोतराचा विचार न करता. त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा होता, तो त्याच्या बोटांतून गळून पडला. साऱ्या गावाच्या खांडींना ज्यानं हाळी दिली, त्यानं स्वतःच्या घरातली खांड पाहिल्यावर हाळीच दिली नव्हती. घर मोजलं, घरातलं माणूस मोजलं आणि एका पोरीला न विचारता पाण्यात उभं करून आला होता.

बऱ्याच वेळानं तो उठला. "ऊन चढलं," एवढंच म्हणाला. "चल."

मनस्वीला वाटलं, आजा रागावला.

शनिवारी प्रणितला ताप भरला. साधा ताप नव्हे. त्याच्या अंगात लढायला रक्तच नव्हतं, म्हणून त्याला तापाची फार भीती होती. त्याला मुंबईच्या इस्पितळात दाखल केलं, आई त्याच्याजवळ राहिली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ताप उतरला की लगेच कडक औषध सुरू करायला हवं, पुढचा ताप कदाचित उतरणार नाही. आणि मनस्वीचं उत्तर त्याआधी हवं. उद्या सकाळी मी रोह्याला तिच्यासाठीच थांबते.

रविवारी गाडीत बाबा, आजी, आजा आणि मनस्वी. या वेळी तालीम नव्हती. बाबांच्या हातातला फोन सारखा थरथरत होता, आणि प्रत्येक वेळी सगळे त्याच्याकडं बघायचे. ताप तेवढाच, आईचा निरोप. ताप तेवढाच.

मनस्वी मनात एकच वाक्य घोकत होती. मला नाय द्यायचं. मला नाय द्यायचं. दार लावलं की म्हणून टाकायचं, संपलं.

दवाखान्याच्या ओसरीवर बाकडी होती, त्यावर पेशंट बसले होते. डॉक्टर अनीसांनी दार उघडलं आणि उंबऱ्यात थांबल्या. मनस्वी पायरीपाशी आली.

बाबा खाली वाकले. "मनू, बघ, आत गेलीस की एवढंच—"

"प्रविण," आजा म्हणाला. "गप."

बाबा सरळ झाले. आज्याचा तो आवाज सगळ्यांना ठाऊक होता. उधाणाच्या दिवशी तो तसा निघायचा.

"ठमे, इकडं ये," आजा म्हणाला. आजी पुढं आली. "प्रविण, तू पण ऐक. दिपिकाला मी फोनवर सांगितलंय, ती कबूल हाय. ह्या पोरीनं दिलं आन् लागलं नाय, तर पोरीला कुणी बोलायचं नाय. आज नाय, उद्या नाय, मी गेल्यावर पण नाय. आन् नाय दिलं, तरी नाय. पाण्याचा दोष माणसाला नाय. कबूल?"

आजीनं पदर तोंडाला लावला. "मी बोलले ते चुकले गो बाय," ती मनस्वीला म्हणाली. "जीव जात होता माझा. नाय बोलणार."

बाबांनी मान हलवली, मग मनस्वी आपल्याकडं बघते आहे असं पाहून पुन्हा एकदा नीट हलवली.

आजा अंगणात दोन पावलं मागं सरकला, जसा बांधावर सरकतो, सगळ्यांना दिसेल असा. बाकावरचे पेशंट बघू लागले. तो ओरडला नाही. पण तेच शब्द होते, तसेच म्हणाला.

"कोण उतरतंय?"

कुणीच हललं नाही. रस्त्यावरून एक एसटी गेली. बाबांचा फोन पुन्हा थरथरला आणि त्यांनी तो खिशात तसाच राहू दिला. डॉक्टर उंबऱ्यातून बाजूला झाल्या, दार मोकळं झालं. आणि त्या मोकळ्या दाराच्या आत, मनस्वीला माहीत होतं, तिला नाही म्हणायची मुभा अजून तशीच होती.

"नाय उतरलं तरी चालतं," आजा म्हणाला. "मी हितंच हाय."

मनस्वीनं दाराकडं पाहिलं. आज्याकडं पाहिलं. घोकलेलं वाक्य तिनं मनात एकदा म्हणून बघितलं, आणि ते आता कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं वाटलं.

मग ती खाली वाकली. त्या दवाखान्यात कुणी चपला काढत नसे. तिनं एक पट्टा सोडला, मग दुसरा. दोन्ही चपला उचलल्या, आज्याच्या पायांपुढं नीट जोडून ठेवल्या, आणि अनवाणी पायरी चढून एकटीच आत गेली.